पिवळ्या कार्डाची गोष्ट

भाकरी तव्यावर असेल तर असू द्या, कान तेवढा इकडे ठेवा.

आज मी परदेश प्रवासावर बोलणार आहे. हसू नका. आपल्या भागातून परदेशी जाणाऱ्या बाया आता बोटांवर मोजण्याइतक्या राहिलेल्या नाहीत. कुणी हजला जातं, कुणी आखातात कामाला, कुणी लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांची माहिती कुणी ना कुणी देतं. लस कोणती टोचायची, हे मात्र शेवटच्या आठवड्यात कळतं, आणि तेही एजंटाकडून.

आमच्या गटातल्या एका काकूंचं असंच झालं. त्यांचे जावई केनियात साखर कारखान्यात आहेत, किसुमू शहराच्या बाजूला. आपल्या ऊसपट्ट्यातली माणसं तिकडच्या कारखान्यांत नोकरीला जातात, तुम्हाला माहीत असेल. लेकीचे दिवस भरत आलेले. काकूंचं वय ६२, साखरेची गोळी चालू, बाकी खणखणीत. मासिक बैठकीत बचतीचे हप्ते लिहून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "ताई, एजंट म्हणतोय पिवळं कार्ड लागतं. दोन हजार द्या, सुई न टोचता कार्ड आणून देतो. देऊ का गं?"

शेजारी चाची बसल्या होत्या. त्यांचं नाव हजच्या यादीत लागलंय. त्या म्हणाल्या, "मला तर पोलिओचे थेंब घ्यायला सांगितलेत. नातवंडांना पाजायचे ते. आता या वयात मी पोलिओ पिऊ का?" सगळ्या हसल्या. चाचीसुद्धा.

मला उत्तर नीट येत नव्हतं. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता, पण त्यात तह आणि लढाया. लस कुठे होती? मग घरी येऊन वाचत बसले, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना दोन वेळा भेटले. जे हाती लागलं ते आज सांगते.

काकूंच्या दंडावर दोन गोल वण आहेत. पन्नाशीच्या पुढच्या पुष्कळ बायांच्या दंडावर असतात. देवी टोचल्याची ती खूण. ही लस आपल्याकडे आली तीच मुळी प्रवास करत. इंग्लंडात जेन्नर नावाच्या डॉक्टरने १७९६ साली ती टोचायला सुरुवात केली. पण लांबच्या प्रवासात, उन्हाळ्यात ती टिकेना. बर्फाच्या पेट्या तेव्हा नव्हत्या. मग युक्ती अशी, की एकाच्या दंडावर टोचायचं, आठ दिवसांनी फोड आला की त्यातला द्रव काढून दुसऱ्याला टोचायचा. असं करत करत ती बगदादहून बसऱ्याला आणि तिथून जहाजाने मुंबईला पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. हिंदुस्थानात लागू पडलेली ती पहिली लस. त्या पोरीच्या दंडावरून ती पुढे पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी गेली. इतिहासाच्या पुस्तकात मला कधी ही मुलगी भेटली नव्हती.

पुढच्याच वर्षी, १८०३ मध्ये, स्पेनच्या राजाने हीच लस अमेरिका खंडात पाठवली. जहाजावर २२ अनाथ मुलगे घेतले होते. दर आठ-दहा दिवसांनी दोघांना टोचायचं, म्हणजे समुद्र ओलांडेपर्यंत लस जिवंत राहील. त्या पोरांना सांभाळायला अनाथाश्रमाच्या प्रमुख इसाबेल सेंदाल गेल्या होत्या, आणि त्यांचा स्वतःचा मुलगाही त्या मुलांत होता. पोरांना फोड खाजवू द्यायचा नाही, एकमेकांना चिकटू द्यायचं नाही, आणि हे सगळं डोलणाऱ्या जहाजात! मोहिमेला नाव मिळालं ते डॉक्टरांचं.

म्हणजे आधी लशीला प्रवासासाठी माणसं लागत होती. माणसाला प्रवासासाठी लस कधी लागायला लागली? ती गोष्ट हजपासून सुरू होते.

१८६५ साली हजच्या दिवसांत मक्केत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. सुमारे ९० हजार यात्रेकरूंपैकी १५ हजार दगावले, असा अंदाज सांगतात. घरी परतणाऱ्यांबरोबर रोग इजिप्तला गेला, तिथून जहाजांनी युरोपच्या बंदरांत. युरोपातली सरकारं हादरली. पुढच्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, त्यांची परिषद भरली. रोगाचं मूळ हिंदुस्थानात आहे आणि तो यात्रेकरूंबरोबर येतो, तेव्हा त्यांना वाटेतच अडवा, असं ठरत गेलं. तांबड्या समुद्रात कामारान नावाचं बेट आहे. १८८२ पासून पूर्वेकडून येणाऱ्या हाजींची जहाजं तिथे थांबवू लागले. माणसं उतरवायची, कपडे वाफेच्या यंत्रात घालायचे, दिवसच्या दिवस त्या बेटावर ठेवायचं. वर त्याची फीसुद्धा यात्रेकरूंनीच भरायची. करोनातलं क्वारंटाइन आठवलं ना?

मुंबई हे हजला जाण्याचं मोठं बंदर. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतच प्लेग निघाला. जगातल्या बंदरांनी मुंबईच्या जहाजांकडे पाठ फिरवायला सुरुवात केली आणि १८९७ साली सरकारने मुंबईहून हजला जाणंच बंद केलं. आयुष्यभर पै-पै जमवून निघालेल्या माणसांना परत फिरावं लागलं असेल. देशातल्या देशात फिरणंही सोपं नव्हतं. स्टेशनावर गाडीतून उतरवून काखा, जांघा तपासायचे, गाठ आहे का बघायला. बायकांनाही पुरुष डॉक्टर तपासायचे, आणि त्यावरून लोक किती चिडले होते हे पुण्याच्या इतिहासात आपण वाचलेलं आहे. त्याच वर्षी १० मार्चला आपल्या सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या.

त्याच दिवसांत मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका छोट्या खोलीत हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ प्लेगवर लस बनवत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था ती यांच्याच नावाची. ही लस घेणाऱ्यांना दाखला मिळू लागला, आणि काही ठिकाणी दाखला दाखवला की प्रवासातली अडवणूक कमी व्हायची. लस घेतल्याच्या कागदावर वाट मोकळी होते, ही गोष्ट लोकांना तेव्हापासून कळली. पुढे हजला निघणाऱ्यांना देवीची आणि पटकीची लस सक्तीची झाली.

हे वाचताना मला आजी आठवली. ती सांगायची, पंढरीच्या वारीला जाताना पटकीची सुई टोचून घ्यावी लागायची. नाक्यावर डॉक्टर बसायचे. काही म्हातारे दंडाला चुना लावून "टोचलंय" म्हणून पुढे सटकायचे. आजीला वाटायचं, सरकारला वारी नकोशी झालीय म्हणून हे खूळ. मीही लहानपणी तिच्याच बाजूने हसायची.

तर मैत्रिणींनो, इथपर्यंतच्या गोष्टीत एक बाब बघा. कागद मागणाऱ्याला प्रवासी जगतो की मरतो याची काळजी असतेच असं नाही. आपल्या दारात रोग येऊ नये, ही त्याची पहिली काळजी. त्यात वाईट काही नाही, पण हे आपल्याला माहीत हवं. कारण मग परदेशी जाताना दोन वेगवेगळे प्रश्न विचारावे लागतात. ते लोक माझ्याकडे काय मागतात? आणि माझ्या शरीराला काय लागतं? एजंट फक्त पहिल्याचं उत्तर देतो.

१९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली आणि १९५१ साली सगळ्या देशांसाठी एक नियमावली केली. प्रवाशाच्या कार्डावर तीन लशींचे रकाने होते. देवी, पटकी आणि पीतज्वर. त्यांतल्या पटकीचा नियम १९७३ साली काढून टाकला. का? तर तेव्हाची ती लस घेतली तरी माणूस रोग पोटातून नेऊ शकत होता, त्यामुळे सीमेवर कार्ड तपासून साथ थांबत नव्हती. साथ थांबते ती स्वच्छ पाण्याने आणि संडासाने. इतकी वर्षं सुया टोचल्यावर हे मान्य झालं. आजीच्या वारीतल्या म्हाताऱ्यांचं सगळंच काही चुकीचं नव्हतं म्हणायचं. चुना लावणं मात्र चूकच.

देवीची गोष्ट अगदी वेगळी. ती लस खरोखर काम करायची, म्हणून तर देवी जगातून गेली. आपल्या देशातली शेवटची रोगी २४ मे १९७५ रोजी आसामातल्या करीमगंजला सापडली. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं आणि प्रवाशांच्या कार्डावरचा तो रकानाही गेला.

पण त्याआधी १९७२ साली युगोस्लाव्हिया नावाच्या देशात काय झालं ते ऐका, कारण काकूंच्या एजंटाला माझं उत्तर यातूनच मिळालं. तिथला एक माणूस हजला गेला, येताना इराकमधून आला. इराकमध्ये तेव्हा देवीची साथ होती. निघण्याआधी दोन महिन्यांपूर्वी त्याने लस घेतली होती, कागद होता, सगळं रीतसर. पण ती लस त्याच्या अंगात लागू पडलीच नव्हती. त्याला बहुधा इतका सौम्य आजार झाला की त्याचं त्यालाही कळलं नाही. त्या देशात चाळीसेक वर्षं देवी नव्हती, डॉक्टरांनीही ओळखली नाही. १७५ लोकांना देवी आल्या आणि ३५ जण मेले. सरकारला सुमारे पावणेदोन कोटी लोकांना पुन्हा लस टोचावी लागली. त्या माणसाची काही लबाडी नव्हती. कागद खरा असूनही एवढं झालं. मग खोट्या कागदाने काय होईल?

आता तिसरा रकाना, पीतज्वर. काकूंचं पिवळं कार्ड ते याचंच. हा रोग आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत आहे. ताप येतो, बरं वाटल्यासारखं होतं, मग काहींना पुन्हा जोरात उलटून कावीळ होते, रक्तस्राव होतो. आजार इतका वाढला तर निम्मे रोगी दगावतात. त्यावर खास औषध नाही. क्यूबातले डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ साली सांगितलं की हा डासातून पसरतो. वीस वर्षं लोकांनी त्यांची टिंगल केली. १९०० साली अमेरिकी डॉक्टरांनी तिथेच प्रयोग करून ते खरं ठरवलं, आणि त्या प्रयोगांच्या काळात जेसी लाझिअर नावाचा तरुण डॉक्टर याच रोगाने गेला. १९३७ साली मॅक्स थायलर यांनी न्यूयॉर्कला याची लस तयार केली. त्यांना १९५१ चं नोबेल मिळालं. तीच लस आजही चालते.

विमानं आली तशी भीती वाढली. जहाजात महिना जायचा, रोगी वाटेतच उघडा पडायचा. विमानात मात्र रोगी आणि डास दोघंही ताजे उतरणार. १९३३ साली हेगला विमानप्रवासासाठी करार झाला, त्यात पीतज्वराचा विचार ठळक होता. आणि या भीतीत सगळ्यात पुढे कोण होतं, माहीत आहे? आपला देश. आपल्याकडे पीतज्वर कधीच आलेला नाही. पण तो पसरवणारा डास आहे. तो कुठला? डेंग्यूचा डास, तोच. आपल्या रांजणात, सिमेंटच्या टाकीत, कूलरमध्ये, घरामागच्या टायरमध्ये वाढणारा. आशाताई आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणून सांगतात, तो याच डासासाठी.

म्हणजे हिशोब असा. डास इथे तयार बसलाय. लोकांच्या अंगात त्या रोगाची ताकद नाही, कारण रोग कधी पाहिलेलाच नाही. फक्त ठिणगी यायची बाकी आहे, आणि ती ठिणगी आफ्रिकेतून परतणाऱ्या माणसाच्या रक्तातून येऊ शकते.

म्हणून काकूंना मी म्हणाले, "काकू, इथून थेट केनियाला जाताना हे कार्ड केनियापेक्षा आपल्याच सरकारला जास्त हवंय, तुम्ही परत याल तेव्हा." पीतज्वर असलेल्या देशातून कार्डाशिवाय भारतात उतरलं, तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. सहाच का? डास चावल्यापासून आजार दिसायला तीन ते सहा दिवस लागतात म्हणून. आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनीच कार्ड लागू होतं, कारण अंगात ताकद यायला तेवढे दिवस जातात. हे आकडे कुणी कारकुनाने मनाने लिहिलेले नाहीत.

काकू म्हणाल्या, "म्हणजे खोटं कार्ड घेतलं तर मी फसवणार कुणाला? आपल्याच गावाला?"

मग मी त्यांना चीनचं सांगितलं. २०१६ साली आफ्रिकेतल्या अंगोला देशात पीतज्वराची मोठी साथ आली, शेकडो माणसं गेली. तिथे चीनचे हजारो कामगार बांधकामाला होते, त्यातल्या अनेकांनी लस घेतलेली नव्हती. त्या वर्षी तिथून परतलेल्या ११ जणांना चीनमध्ये पीतज्वर निघाला. आशिया खंडात हा रोग पहिल्यांदाच असा पोचला. नशीब म्हणायचं, तिथे तो डासांतून पुढे पसरला नाही. त्याच साथीत खोट्या कार्डांच्या बातम्याही आल्या. लस एवढी कमी पडली की शेजारच्या काँगोत किन्शासा शहरात लाखो लोकांना एका डोसाचे पाच भाग करून टोचावे लागले.

केनियातही हा रोग काही फक्त पुस्तकातला नाही. १९९२-९३ साली तिथल्या रिफ्ट खोऱ्यात साथ आली होती. तेव्हा लस काकूंच्या स्वतःच्या कामाचीही होतीच.

पण एक अडचण निघाली, आणि एजंटाने ती सांगणं शक्यच नव्हतं. ही लस जिवंत पण अशक्त केलेल्या विषाणूची असते. साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेणाऱ्यांना क्वचित, अगदी लाखात एखाद-दुसऱ्याला, गंभीर त्रास होऊ शकतो. म्हणून साठीनंतर डॉक्टर आधी विचारपूस करतात, मग ठरवतात. अंड्याने अंगावर जोरात पित्त उठत असेल, श्वास कोंडत असेल, तर सांगायचं. एचआयव्ही असेल, कॅन्सरची औषधं चालू असतील, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर सांगायचं. गरोदर असाल, किंवा दिवस गेल्याची शंका असेल, अंगावर पाजत असाल, तर लाजायचं नाही, सांगायचं. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस सहसा देत नाहीत. लस घेता येत नसेल तर डॉक्टर तसं पत्र देतात, पण पत्र असूनही परतताना काही दिवस वेगळं ठेवू शकतात, म्हणून तिकीट काढायच्या आधीच हे विचारून घ्यायचं.

काकूंना मी आणि त्यांचा मुलगा सरकारमान्य केंद्रात घेऊन गेलो. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. ठरलेल्या केंद्रातच मिळते, आणि यादी केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे असते. आधी नंबर लावावा लागतो, ठराविक वारीच टोचतात, कारण एका बाटलीत अनेक डोस असतात आणि बाटली एकदा तयार केली की काही तासांत संपवावी लागते. डॉक्टरांनी काकूंना पाऊण तास विचारलं. कुठे राहणार, किती दिवस, गोळ्या कुठल्या. धोका दोन्हीकडचा समजावून सांगितला. शेवटी म्हणाले, "ठरवा तुम्ही." काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "टोचा. लेकीनं लग्नानंतर जाताना टोचून घेतली होती, तिला काही झालं नाही." कारण शास्त्रातलं नव्हतं, पण निर्णय त्यांनी समजून घेतला होता, तो मी पाहिला. दोन दिवस कणकण आली, अंग दुखलं, झालं. आता ही लस त्यांना पुन्हा घ्यायची नाही. पूर्वी कार्ड दहा वर्षं चालायचं, ११ जुलै २०१६ पासून ते जन्मभराचं धरतात.

त्याच डॉक्टरांनी दुसरा प्रश्न काढला, जो कुणीच काढत नाही. किसुमू हे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे आणि तिथे मलेरिया फार. मलेरियाची लस आता निघाली आहे, पश्चिम केनियात २०१९ पासून लहान मुलांना देतात, पण प्रवाशांसाठी ती नाही. त्यासाठी जाण्याआधीपासून परत आल्यावरही काही दिवस गोळ्या घ्याव्या लागतात आणि मच्छरदाणीत झोपावं लागतं. विमानतळावर मलेरियाचं कार्ड कुणी मागत नाही. म्हणून आपण विसरतो. टायफॉइडची, धनुर्वाताची लस कधी घेतली होती, हेही त्यांनी विचारलं. काकूंना धनुर्वाताची सुई शेवटची आठवली ती धाकट्याच्या वेळची, पस्तीस वर्षांपूर्वीची. ती पण घेतली.

एक सांगू? लेकीच्या घरी जाणाऱ्या आयांचंच जास्त दुर्लक्ष होतं. हॉटेलात उतरणारा पर्यटक दहा गोष्टी विचारून जातो. आपण म्हणतो, घरीच तर चाललेय, घरचंच खायचंय, कशाला सुया?

आता चाचींचे थेंब. आपल्या देशातला पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. पण पाकिस्तान, अफगाणिस्तानात तो अजून आहे. हजला सगळ्या देशांची माणसं एका जागी राहतात, जेवतात, एकच संडास वापरतात. पोलिओचा विषाणू मोठ्या माणसाच्या आतड्यात राहतो, त्याला काही होत नाही, आणि तो घरी येऊन नातवंडापर्यंत पोचू शकतो. चाचींना हे एका वाक्यात पटलं. "म्हणजे ते थेंब त्यांच्यासाठीच आहेत की मग," म्हणाल्या.

हजसाठी दुसरी सक्तीची लस मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराची, मेनिंजायटिसची. हा आजार शिंक-खोकल्यातून, गर्दीत पसरतो आणि एका दिवसात माणूस नेऊ शकतो. १९८७ च्या हजमध्ये त्याची साथ आली, तेव्हापासून सौदी सरकारने लस सक्तीची केली. तरी २००० साली पुन्हा साथ आली. कारण लस ज्या जातीच्या जंतूंवर होती, त्याहून वेगळी जात निघाली. आणि त्यात वाईट हे, की इंग्लंडसारख्या देशांत आजारी पडलेल्यांत न गेलेली माणसंच जास्त होती. हाजींच्या घरची, पाहुणे म्हणून भेटायला आलेली, गळाभेट घेतलेली. म्हणून २००२ पासून चार जातींवर चालणारी लस मागतात. सौदीत पोचायच्या निदान दहा दिवस आधी ती झालेली हवी.

करोनाचं तर तुम्ही भोगलंच. २०२१ मध्ये कोवॅक्सिन घेतलेल्या मुलांना परदेशात जाताना अडवत होते, कारण जागतिक आरोग्य संघटनेने त्या लशीला ३ नोव्हेंबरपर्यंत मान्यताच दिली नव्हती. कोविशिल्ड घेतलेल्यांचा आपला दाखला इंग्लंड काही दिवस मानत नव्हतं. मग आपणही तिकडून येणाऱ्यांवर तोच नियम लावला, आणि त्यांनी काढल्यावर आपणही काढला. लस तीच, दंड तोच, भांडण कागदाचं. कामारान बेटाच्या गोष्टीला सव्वाशेच्या वर वर्षं झाली, पण सरकारांची सवय काही फार बदललेली नाही.

त्यामुळे मी आता गटातल्या बायांना एवढंच सांगते, की तिकीट काढायच्या दोन महिने आधी डॉक्टरांकडे जा. जाताना देशाचं नाव, गावाचं नाव, वाटेत विमान कुठे बदलणार ते, आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. विमान बदलण्याचं मुद्दाम सांगते, कारण पीतज्वराच्या देशात नुसतं थांबून पुढे गेलं तरी काही ठिकाणी कार्ड मागतात. आणि नियम बदलत राहतात. मी आज सांगितलं म्हणून तेच धरून चालू नका, त्या वेळी परत विचारा.

काकू तीन महिने राहून परवा आल्या. नात झाली. मुंबईला विमानतळावर कार्ड बघायला अर्धा मिनिट लागला म्हणाल्या. त्यांच्या मागे रांगेत एक बाप्या होता, त्याच्या कार्डावरची तारीख दहा दिवसांत बसत नव्हती. त्याला बाजूला नेलं, पुढचं त्यांना माहीत नाही. कार्ड त्यांनी आता कपाटात, जमिनीच्या सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलंय.

एजंटाचा परत फोन आला होता, चाचींना. "थेंबांचा शिक्का मीच मारून देतो, कॅम्पला जायचा त्रास कशाला?" चाचींनी त्याला काय उत्तर दिलं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. त्यांचा लसीकरणाचा कॅम्प बुधवारी जिल्ह्याच्या गावी आहे. सकाळी सातच्या एसटीने आम्ही दोघी जाणार आहोत.